तिच्या दारासमोर वाजलेलं गाणं

अण्णा, तुमच्या बँडात मी जो ‘पा’ वाजवायचो तो आज सगळ्या जिल्ह्यात वाजतोय, आणि तो बंद कसा करायचा हे मला कळेना झालंय. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज लिहायला बसलो तर गाऱ्हाणंच घेऊन. हिंगोलीत एका मोबाईलच्या दुकानावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. दुपारची लाईट गेलेली आहे, भिंतींच्या स्पंजामुळे आत नुसती उकड आहे, पण दार उघडवत नाही. खालून एखादा ऑटो माझंच गाणं वाजवत जाईल याची धास्ती वाटते. सोमवारी कोर्टात तारीख आहे. तुमची सून, जिला तुम्ही पाहिलंच नाही, तिने काडीमोड मागितला आहे. मला ती परत हवी आहे, अण्णा. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

डोंगरकड्याला, गावातल्या आपल्या ओट्यावर रोज संध्याकाळी तालीम चालायची. तुमची क्लॅरिनेट, काकांचा ढोल, आणि बारावीत आपटून घरी बसलेला मी. तुम्ही मला कीबोर्ड आणून दिला तेव्हा मी हवेतच होतो. वाटलं, आता मी मुखडे वाजवणार आणि लोक माना वळवून बघणार. तुम्ही माझ्या वाट्याला काय दिलं, तर ‘पा’. ढोलावर ‘धम’ पडला की त्याच्यानंतर जी रिकामी जागा येते तिथे माझा ‘पा’. धम-पा, धम-पा, तास तास तेच. मी तोंड वाकडं केलं की तुम्ही ओठांवरची क्लॅरिनेट काढून म्हणायचे, “ठोक्यावर कोनीबी वाजवतंय. मधी वाजवायला कान लागतो. दुसऱ्याचं ऐकायला शीक पयले, मंग सोताचं वाजीव.” आत आई भाकरी थापत असायची. तिच्या हाताच्या थापा बरोबर माझ्या ‘पा’वर पडायच्या, आणि ते तिच्या लक्षात आलं की ती मुद्दाम थांबायची, मग मी चुकायचो आणि ती हसत सुटायची.

तुमचा एक नेम होता. लग्नाची सुपारी घेतली की आदल्या दिवशी तुम्ही सायकलवर त्या गावी जायचे. जेवणाखाण्याचं काही विचारायचे नाहीत. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत पायी चालून यायचे आणि एकच विचारायचे, “नवरदेवाचा परण्या याच वाटंनं जातो ना? वाटंत दुःखाचं घर हाय का?” ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, किंवा ज्या घरची लेक सासर सोडून परत आली असेल, ते घर जवळ आलं की तुमची क्लॅरिनेट वर व्हायची आणि सगळा बँड गप्प. नवरदेवाच्या घोड्याच्या टापा आणि वऱ्हाड्यांच्या चपला, एवढाच आवाज. नाचणारी पोरं चिडायची, वरबाप डोळे वटारायचा. तुम्ही ते घर मागे पडेस्तोवर क्लॅरिनेट खाली आणायचे नाहीत. दुसऱ्या कुठल्या बँडात हे नव्हतं, आणि म्हणून आपल्याला कमी सुपाऱ्या यायच्या असं मला तेव्हा वाटायचं.

सिद्धेश्वर धरणाच्या अंगाचं ते गाव तुम्हाला आठवत असेल. भर दुपारी परण्या चाललाय, हातगाड्यावर माझा कीबोर्ड, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पोरं माझ्याभोवती नाचतायत. तुमची क्लॅरिनेट वर गेली. सगळे थांबले, मी वाजवत राहिलो. तुम्हाला शेवटपर्यंत वाटलं की गर्दीत मला दिसलं नाही. मला दिसलं होतं, अण्णा. समोरच्या अंगणात एक बाई तूर पाखडत बसली होती, नवऱ्याने टाकलेली. तिने सूप खाली ठेवलं आणि ती आत गेली. तुम्ही गर्दीतून आलात आणि माझ्या कीबोर्डाची वायर उपटलीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा त्या घरी गेलात. “बाई, लेकराचं चुकलं,” तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, “त्याचं काय चुकलं? बँड हाय, वाजनारच.” तिने आपल्याला पाणी दिलं आणि आपल्याकडे पाठ करून उभी राहिली. परत येताना तुम्ही एसटीची वाट बघत एवढंच बोललात, “तुला सूर लवकर सापडतेत. माणसं सापडायला लय वेळ हाय तुला.” मला तेव्हा तुमचा राग आला होता.

आता तुमच्या सुनेबद्दल. कनेरगाव नाक्याच्या पुढे तिचं माहेर. शिवणकाम करते, हातात कला आहे. लग्न ठरवून झालं, पण पुढे जीव जडला तो असा जडला की गावातले लोक चेष्टा करायचे. मी वाजवायला बसलो की ती मशीनवर बसायची, आणि मशीनच्या आवाजात माझी चाल कुठे घसरली ते तिला बरोबर कळायचं. मग हिंगोलीत खोली घेतली, डीजेवाल्यांसाठी गाणी करून द्यायला लागलो आणि घरी यायचो ते फक्त झोपायला. भांडणं व्हायची. मिटायची. पुन्हा व्हायची. एके दिवशी तिच्या भावाचा फोन आला, सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय. ती म्हणाली, “दोन रोज चला ना माह्यासंगं. बाबा सारखं तुमचं नाव काढून राहिले.” माझ्यासमोर अर्धवट गाणं होतं. मी मान वर न करता म्हणालो, “जाय ना मंग. माहं काय अडून राहिलं?”

बस, एवढंच. तिने पिशवी उचलली. घाईत चपला उलट्या पायांत घातल्या, मग काढून नीट घातल्या आणि गेली. सासरे सहाव्या दिवशी गेले. मी तिसऱ्याला राख सावडायला गेलो आणि एका हळदीची ऑर्डर होती म्हणून संध्याकाळी परतलो. ती मला निरोप द्यायला दारापर्यंत आली नाही. त्यानंतर ती इकडे आलीच नाही.

आणि मग काय केलं असेल मी? गाणं केलं. रिकाम्या घरात बसून, खरोखर रडत. तिच्याशिवाय घर कसं झालंय, मशीनवर धूळ कशी बसलीय, सगळं त्यात आलं. चाल मात्र उड्या मारणारी, आणि मधल्या जागेत तुमचा ‘पा’. मिक्सिंग करणारा माणूस ऐकून म्हणाला, “उस्ताद, ये तो रेगे है!” रेगे म्हणजे कसलंसं परदेशी संगीत; त्याने फोनवर दाखवलं, कुठल्या तरी बेटावरची जटा वाढवलेली माणसं गिटारवर हुबेहूब तेच वाजवत होती. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या डोंगरकड्याच्या ओट्यावरचं आहे. त्याला काय ते पटलं नाही. पण गाण्याला टोक नव्हतं, लोकांच्या तोंडात बसेल अशी एक ओळ लागत होती. ती ओळ माझ्याकडे होती. माझ्या तोंडी ती फार वाईट दिसत होती, म्हणून मी ती तिच्या तोंडी घातली. गाण्यात नवरा विनवण्या करतो आणि बायको मान उडवून म्हणते, जाय ना मंग, माहं काय अडून राहिलं. शहरातल्या एका गायिकेने ते असं झोकात म्हटलं की मी आणि मिक्सिंगवाला खोलीत नाचलो.

गाणं उसळलं, अण्णा. हळदीला तेच, ट्रॅक्टरवर तेच, नाक्यावरच्या धाब्यांवर तेच. बाजारात गिऱ्हाईक भाव करायला लागलं की भाजीवाली हसून म्हणते, जाय ना मंग. शाळेची लेकरं सहलीच्या गाडीत ओरडतात. माझं नाव झालं, आणि माझी बायको कोण हे काही लपून राहिलं नाही. तिच्याकडे ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या पोरी गुणगुणायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. एका म्हातारीने तिला तोंडावर विचारलं, “काहून वं, येवढा माज? नवरा रडून राहिला अन् तू?” हे मला तिच्या भावाने सांगितलं. शेवटी म्हणाला, “दाजी, ताईनं काही म्हणलं न्हाई त्या बाईले. ब्लाऊज शिवून देला.” मी फोन ठेवला आणि दुसऱ्या कार्यक्रमाला गेलो. मला वाटत होतं, गाणं ऐकून तिला कळेल मी किती तळमळतोय. तिला राग कशाचा येईल, हे मला खरंच सुचलं नाही.

या उन्हाळ्यात तिच्या गावात एक लग्न होतं. पोरांनी मला बोलावलं, डीजेच्या गाडीवर उभं राहून गायला. मी गेलो, कारण परण्या तिच्या दारावरून जाणार होता. तुम्ही आदल्या दिवशी जाऊन वाट बघायचे, मीही बघितली, पण कशासाठी ते ऐका. तिचं घर आलं की गाडी थांबवायची आणि तिथेच गाणं लावायचं, असं मी डीजेवाल्याला सांगून ठेवलं. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. दुःखाचं घर आणि परत आलेली लेक, दोन्ही एकाच दारात, आणि मी गाडी मुद्दाम थांबवली. मला वाटलं ती बाहेर येईल, पदराआड हसेल, सगळं गाव टाळ्या वाजवेल.

ती बाहेर आली. गळ्यात मापाची टेप तशीच. तिचे चुलते ओसरीवरून हात वर करून ‘बंद करा’ म्हणत होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती सरळ गाडीपाशी आली आणि काहीतरी बोलली. ऐकू येईना, म्हणून डीजेवाल्याने आवाज कमी केला. मग सगळ्या गल्लीने ऐकलं. “हे म्या म्हणलं व्हतं का?” ती विचारत होती. “या समद्याइले सांगा ना, कोन म्हणलं व्हतं. माहा बाप दवाखान्यात पडून व्हता, अन् कोन म्हणलं व्हतं? सांगा. तुमच्या हातात माईक हाय.”

माझ्या हातात माईक होता, अण्णा. खाली दोनतीनशे माणसं, घोड्यावर नवरदेव, सगळे माझ्याकडे बघतायत. एक शब्द पुरला असता. ‘मी’. तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. डीजेवाल्याला वाटलं, हे आमचं ठरवून चाललंय. त्याने दुसरा माईक घेतला आणि ओरडला, “टाळ्या होऊ द्या! गाण्यातल्या वहिनी आल्यात!” आणि आवाज पुन्हा चढवला. लोक नाचायला लागले. ती तिथेच उभी होती, नाचणाऱ्यांचे धक्के खात. मग चुलत्यांनी तिला धरून आत नेलं.

आठवड्याने नोटीस आली. पाठोपाठ तिच्या भावाचा फोन. “ताईला पैसा-अडका काही नको. ती म्हणते, जिथं गाणं वाजीवलं तिथंच उभं राहा, त्याच माईकवर खरं सांगा. सोमवारच्या आत. मंग ती कागद माघारी घ्यायचं बघते.” म्हणजे दार बंद नाही झालेलं, फटीएवढं उघडं आहे, आणि मी आठ दिवस इथे बसून आहे. गाणं काढणाऱ्या शहरातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, असं काही बोललात तर लोक तुमच्या तोंडावर थुंकतील आणि गाणं संपेल. फोनवर बोलून व्हिडिओ केला, तीनदा केला, तीनदा पुसला. प्रत्येक वेळी मी बोलता बोलता स्वतःची बाजू घ्यायला लागतो. काम फार होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, वगैरे. हे सगळं तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही वायर उपटायला येऊ शकत नाही. मला फार भीती वाटते. ती गेली तर माझं सगळं अडणार आहे, आणि हे एवढं साधं वाक्य मला त्या गल्लीत जाऊन म्हणता येत नाही.

उद्या शनिवार. सकाळची गाडी आहे नाक्याला. जाईन असं ठरवतो आणि मग एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. ती गोष्ट तुम्हालाही सांगणार नव्हतो. ती दारापुढे उभी राहून, आवाज फुटेपर्यंत मला विचारत होती ना, ‘कोन म्हणलं व्हतं’, तेव्हा माझं बोट माईकच्या दांड्यावर चाललं होतं. तिच्या शब्दांवर ठेका धरत होतं. मला शरम नंतर वाटली, चाल आधी सुचली. ती चाल आता पुरी बसली आहे, अण्णा. अजून कुणाला ऐकवलेली नाही, पण पुसलेलीही नाही.