लाडू घट्ट होईपर्यंत

दौंड,
सोमवार, ११ फेब्रुवारी २००२

ती. सौ. वहिनींना धनश्रीचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. हे ड्युटीवर गेलेत. सासूबाईंचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, पण उन्हात बसल्या की बरं वाटतं. दादा कसा आहे? त्याला म्हणावं, बहिणीला चार ओळी लिहिल्यानं काही हात झिजत नाही.

रविवारी आमची मंडळी माझ्या पाठच्या अंकिताला बघायला शिरूरला येणार, म्हणून तुम्ही संत्र्याच्या लाडवांची कृती मागितलीत. आमच्या रेल्वे कॉलनीच्या महिला मंडळात शिकवणाऱ्या बाई त्यांना ट्रफल म्हणतात. सासूबाई म्हणतात, "बिस्किटाचं लाडू." नावं ठेवतात, पण डबा रिकामा झाल्याशिवाय हलत नाहीत. स्टोव्ह पेटवावा लागत नाही, हा या लाडवांचा मोठा गुण.

मारी बिस्किटं कुटून बारीक भुगा करा. त्यात मऊ लोणी आणि डब्यातलं गोड घट्ट दूध घालून मळा. मग संत्र्याची किसलेली साल आणि थोडा लिंबाचा रस. साल चांगली खोलवर किसा, आतला पांढरा भाग सगळा येऊ द्या. गोळे वळून खोबऱ्याच्या किसात घोळवायचे आणि घट्ट होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचे. फ्रीज नसला तरी माठाखालच्या ओल्या वाळूवर डबा ठेवला की होतात, फक्त वेळ लागतो.

भाजलेला हात आता बरा आहे. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नका. आबांच्या शेवटच्या आजारात मी आले नाही, त्याचा राग अजून तुमच्या पत्रात दिसतो. जाऊ द्या, भेटीत बोलू.

मी मात्र रविवारी येणार नाही. घराला कुलूप नको, असं सासूबाईंचं म्हणणं. विश्वजीतभाऊजी पोस्टात निघालेत, म्हणून आवरतं घेते.

तुमची,
धनश्री


दौंड,
बुधवार

वहिनी,

हे पत्र आमच्या शेजारच्या सारजाबाई तुमच्या हातात देतील. त्यांची लेक शिरूरला दिली आहे, तिच्याकडे निघाल्यात. वाचून झालं की चुलीत घाला.

सोमवारचं पत्र विश्वजीतभाऊजींनी आधी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग चिकटवलं. माझं प्रत्येक पत्र असंच जातं. तुमचं आलेलंही असंच फोडून मिळतं. तेव्हा त्यात खुशालीशिवाय दुसरं काय असणार?

साल खोलवर किसा, हे मी मुद्दाम लिहिलं होतं. पांढरा भाग आत गेला की लाडू कडूजहर होतात. वाटलं, पाहुण्यांसमोर अंकीची फजिती होईल आणि स्थळ मोडेल. पत्र गेलं आणि माझा मलाच संताप आला. कडू लाडवानं कुठं लग्न मोडतं का? सासूबाई वर पाणी पितील आणि म्हणतील, "आपलीच पोरगी हाय, शिकंल. दोघी भनी एका घरात नांदत्याल, आजून काय पायजे?" आणि दादा सुपारी फोडून मोकळा होईल. म्हणून आता सरळच सांगते.

वहिनी, माझा हात स्टोव्हच्या भडक्यानं भाजलेला नाही.

आबांना दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. उठले आणि पिशवी भरायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "आन् भाकरी कोन तुझा बाप थापनार हाय व्हय?" मी म्हणाले, "तो मरायला टेकलाय, आज तरी जाऊ द्या." उलटून बोलले, एवढाच माझा गुन्हा. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि तळहात तापल्या तव्यावर दाबला. सासूबाई परात धुवत होत्या, त्या धुवतच राहिल्या. आणि विश्वजीतभाऊजी, ज्यांना दादा गरीब गाय म्हणतो, ते दाराला पाठ लावून उभे होते. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात लांबवून रेडिओ मोठा केला.

तेच अंकीचे नवरदेव.

तुम्ही मला बघायला आलात तेव्हा सासूबाई उशाशी बसून होत्या. "धने, खरंच भडका उडाला का गं?" असं तुम्ही विचारलंत आणि मी तुमच्या साडीचं कौतुक करत बसले. मूठ अजून मिटत नाही. लाडू मला वळता येत नाहीत, चमच्यानं दाबून बसवते. स्टोव्ह पेटवायची वेळ होता होईल तो टाळते, म्हणून तर बिनविस्तवाचं काय काय शिकत बसले. माझं एक असो. पण अंकी या घरात आली तर मी जिवंत राहूनही मेल्यासारखीच.

आता नीट वाचा. नकार आधी कळवू नका. कळवलात तर त्याचा राग कुणावर निघेल हे सांगायला नको. रविवारी तिघंही तुमच्याकडे असतील आणि इथे मी एकटी. ते पोचण्याआधीच दादाला जीप घेऊन दौंडला धाडा, बरोबर सावळाराममामांना द्या. पाहुण्यांना सांगा, इथल्या बाजारात दोनच चांगली संत्री मिळाली, आणखी आणायला गेलेत. घरचा पुरुष नसताना सुपारी कोण फोडणार?

तोवर त्यांना उठू देऊ नका. लाडू ते आल्यावरच मळायला घ्या. ती दोन संत्री आधीच आणून ठेवा, आणि या वेळी वरवरची केशरी साल तेवढीच किसा. वास बाहेरच्या खोलीत गेला पाहिजे. तो आला की सासूबाई खाल्ल्याशिवाय उठायच्या नाहीत. फ्रीज बिघडलाय म्हणा आणि डबा माठाखाली ठेवा. कुणी घाई केली तर म्हणा, अजून घट्ट व्हायचेत. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणा.

आम्ही परसदारानं आत येऊ. मग ताट अंकी नाही, मी बाहेर आणीन. याच हातानं. चार माणसांसमोर ह्यांनी त्यातला एक लाडू उचलून दाखवावा.

दादा चिडेल, लोक काय म्हणतील म्हणेल. त्याला माझं पत्र दाखवू नका, नुसतं विचारा, आबांना शेवटचं बघायला धनी आली नाही, ती खरंच तसली आहे का?

मला उत्तर पाठवू नका, ते विश्वजीतभाऊजींच्या हाती पडेल. रविवारी जीप दारात थांबली तर तेच उत्तर. नाही थांबली, तर तेही मला कळेल.

रविवारी दाराची कडी काढून बसणारी,
तुमच्याच घरची,
धनी