माझी क्रेन आणि बिरदेवची नजर

१२ ऑक्टोबर, रविवार
बारामतीला जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींचा मेळावा ठरला. २ नोव्हेंबर. स्टेजवर एकच मशीन चालणार, बाकीची खाली टेबलावर. स्टेज माझंच. कीबोर्डच्या पोटात मावणारा चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर अख्ख्या इंदापुरात फक्त माझ्याकडं. त्यावर खेळण्यातल्या ठोकळ्यांची क्रेन चालवणार. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना पाहुणे गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकतात, तशी माझी क्रेन टाकेल. बोटाएवढी मोळी. आयडिया शंभर टक्के माझी.

१४ ऑक्टोबर
निमगाव केतकीच्या बिरदेवनं तसलाच कॉम्प्युटर आणला! विम्याचा एजंट माणूस, याला काय कळतंय? फोन करून म्हणाला, सर, तुमचं बघूनच नाद लागला, जरा शिकवा की. टाळलं. शाळेत विज्ञान शिकवतो तेवढं पुरे.

१९ ऑक्टोबर
बिरदेवची क्रेन चालली. ग्रुपवर व्हिडिओ. सगळ्यांनी अंगठे दिले. मी दिला नाही, रेंज नव्हती. स्वरूपानं घरातल्या वायफायवर पुन्हा पुन्हा बघितला. म्हणाली, बिरदेवभावजींची क्रेन किती अलगद ठेवते हो. बायको माझी, कौतुक त्याचं.

२१ ऑक्टोबर
कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड होईना. दोष टेपरेकॉर्डरचा. नुसती किरकिर. शेजारचे आबाजी डोकावून विचारून गेले, मास्तर, मिक्सर बिघडलाय व्हय? ऐन दिवाळीत अपमान.

२६ ऑक्टोबर
चालली! मोळी बरोब्बर गव्हाणीत. क्रेनच्या बुडाशी एक बारका डोळा आहे. फिरत्या चाकावरचे काळे-पांढरे पट्टे तो मोजतो, ठरलेले पट्टे भरले की मोटार बंद. टेपरेकॉर्डर बिरदेवनं आणून दिला होता, पण त्याला फार महत्त्व नाही.
वर म्हणतो कसा, सर, स्टेजवर तुमीच जावा, माझी खाली टेबलावर बसंल. मला दया दाखवतो! अंगाचा नुसता तिळपापड झाला. जाताना क्रेनकडं टक लावून बघत होता. लई देखणी हाय म्हणाला. दोनदा म्हणाला.

२९ ऑक्टोबर
क्रेनचा हात आज अडखळला. बिरदेव बघून गेला आणि अडखळला. मी विज्ञानाचा शिक्षक, नजरेबिजरेवर माझा काडीचा विश्वास नाही. नुसती नोंद करून ठेवतो.

१ नोव्हेंबर
खबरदारी म्हणून क्रेनला तीट लावायची ठरवली. बाळाला लावतात तेवढीच. स्वरूपाच्या डबीतलं काजळ घेतलं. पण क्रेनला गाल कुठला? शोधतोय तोवर स्वरूपाच आली. घाईत बोट बुडाशी कुठंतरी टेकवलं, डबी खिशात टाकली. लागली म्हणजे झालं. परत चालवून बघितली नाही. उगाच मशीन दमवायचं कशाला.

२ नोव्हेंबर, बारामती
नारळ फुटला. टाळ्या. बटण दाबलं. क्रेनचा हात गव्हाणीपाशी आला आणि थांबेचना. पुढं गेला. गरागरा फिरायलाच लागला. मोळी उडाली ती थेट प्रमुख पाहुण्यांच्या चहात. अख्खा हॉल हसला.
बिरदेव पळत स्टेजवर आला. वाकून बघितलं, पहिल्या रांगेतल्या स्वरूपाचा रुमाल मागितला, क्रेनचा डोळा पुसला. रुमाल काळा. लगेच मोळी गव्हाणीत. टाळ्या त्याला! वर माईकसमोर विचारतो, सर, हिच्या डोळ्यात काजळ कुणी घातलं वो? मी म्हणालो, घरात लहान पोरं असतात, चालायचंच.
आमच्या घरात लहान पोर नाही. हे स्वरूपाला माहीत आहे. परत येताना भिगवणला चहाला थांबलो. ती गाडीतून उतरली नाही.

४ नोव्हेंबर
पुढचा मेळावा जानेवारीत, आमच्याच इंदापुरात. स्टेजवर बिरदेव. मी मोठ्या मनानं जागा सोडली. तसं मला कुणी विचारलं नव्हतं.
संध्याकाळी स्वरूपा बाजारातून काजळाची नवी डबी घेऊन आली. म्हणाली, जानेवारीत बिरदेवभावजींच्या क्रेनला मीच तीट लावणार, डोळा सोडून. मला हसू आलं. म्हणालो, अगं, शिकलेली बाई तू, त्याच्या क्रेनला नजर लावणार तरी कोण?
ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.