बिनबोटीचा तुकडीप्रमुख

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण घडलंच तसं. सागरी स्वयंसेवक तुकडीच्या प्रमुखपदी माझी एकमताने निवड झाली. मी मीटिंगला नव्हतो, दाढ ठणकत होती. माजी प्रमुख म्हणजे आमचे डेंटिस्ट. त्यांनीच दाढ तपासता तपासता बातमी दिली. तोंडात आरसा असल्यामुळे नम्रपणे आढेवेढे घ्यायचे राहून गेले. बरीच वर्षं तेच प्रमुख होते. हात धुताना गाणं गुणगुणत होते. पद गेल्याचं दुःख काही माणसं असं लपवतात.

बायकोला सांगितलं. पगार आहे का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. मग घराबाहेर किती वेळ असाल? रोज, म्हटलं. चेहरा उजळला तिचा. माझा तिला अभिमान आहे.

तुकडीचं काम तसं साधं. रविवारी किनाऱ्याजवळ बोटीने फेरी मारायची, हौशी लोकांना लाइफ जॅकेट घाला म्हणून सांगायचं, कुणाचं इंजिन बंद पडलं तर ओढून आणायचं. सगळे फुकट राबतात. बोटसुद्धा मेडिकल स्टोअरवाल्यांची, स्वतःच्या खिशातून घेतलेली. अशा ढिल्या कारभाराला शिस्त लावायला माझ्यासारखाच माणूस हवा होता.

निवडीने काही वाटलं मात्र नाही. गेल्या वर्षी सिमेंट कंपनीच्या स्टोअर्समधून रिटायर झालो तेव्हापासून कशानेच काही वाटत नाही. निरोपाच्या कार्यक्रमात शिपायाचे डोळे भरून आले होते आणि मी पंखा किती डुगडुगतोय ते बघत होतो. फॅमिली डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. माझ्या मते ही नेतृत्वाची लक्षणं आहेत. प्रमुखाला काही वाटून चालत नाही.

८ जानेवारी
विभागीय कार्यालयाकडून प्रमुखांसाठीची मार्गदर्शिका आली. जाडजूड. धक्क्यावरच्या आमच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावून ठेवली. चपखल बसली.

पहिलं पान वाचलं. स्वयंसेवकांना हुकूम सोडता येत नाही, त्यांची मनं सांभाळावी लागतात, असं म्हटलंय. ज्यांना हुकूम सोडता येत नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. आमच्या स्टोअर्समध्ये माझ्या सहीशिवाय खिळा हलत नसे.

शेवटचं पानही पाहिलं. सक्रिय सभासद दहाच्या खाली गेले तर तुकडी बंद, खोली परत. आपण बारा आहोत. चिंता नाही.

खोली मला आवडते. एक कपाट, दोन बाक, रेडिओ, खारट वाऱ्याने धुरकटलेली खिडकी. घरी मी कुठेही बसलो की बायकोला नेमकं तिथलंच झाडायचं असतं. इथे कोणी उठवत नाही. ही खोली गेली तर मी दिवसभर कुठे बसणार, असा एक विचार मनात आला. आला तसा गेला.

१९ जानेवारी
पहिली मीटिंग. दणक्यात. प्रत्येकाला पद दिलं. भूगोलाच्या बाई प्रशिक्षण अधिकारी. मेडिकलवाले नौका अधिकारी. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रेडिओ अधिकारी. (घराणेशाही नव्हे. त्याचा आवाज मोठा आहे.) डेंटिस्ट मानद सल्लागार. कोणीही नाराज राहू नये म्हणून एकूण एक सगळे अधिकारी केले. बाईंनी विचारलं, मग काम कोण करणार? सगळे हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं.

संवादमार्गही समजावून दिला. कुठलाही निरोप आधी रेडिओ अधिकाऱ्याकडे, तिथून नौका अधिकाऱ्याकडे, तिथून माझ्याकडे. मधली पायरी गाळायची नाही. मेहुण्याने विचारलं, भावजी, बोटीत आम्ही दोघं शेजारी बसलेलो असतो, तरीसुद्धा? तरीसुद्धा. आणि भावजी नाही, सर.

२ फेब्रुवारी
फेरी. मी बोटीत गेलो नाही. प्रमुखाने किनाऱ्यावरून एकंदर चित्र बघायचं असतं. शिवाय बोटीत माझ्या पोटात ढवळतं, पण तो मुद्दा नाही.

एक अनिष्ट प्रथा नजरेस आली. फेरीहून आल्यावर हे लोक पायऱ्यांवर चहा पीत तास-दीड तास गप्पा छाटतात. कोणाची सून, कोणाचं गुडघेदुखीचं ऑपरेशन, डेंटिस्टांच्या नकला. बंद केलं. त्याऐवजी खोलीत अहवाल सादर करायचे. आज सर्वांनी अहवाल सादर केला. प्रत्येकाचा एकच होता: समुद्र शांत. पंधरा मिनिटांत धक्का मोकळा. वेळेची केवढी बचत.

१६ फेब्रुवारी
नौका तपासणी. मेडिकलवाल्यांनी सकाळी बोट धुऊन पुसून आणली होती, हसतमुखाने. मी टेप घेऊन उतरलो. (बोट धक्क्याला बांधलेली होती.) भोंगा आहे, पण हात पोचेल अशा जागी नाही. अग्निशामक भरलेला आहे, पण त्यावरची चिठ्ठी पुसट. लाइफ जॅकेटची एक शिट्टी वाजत नाही. म्हणजे वाजते, पण मन लावून वाजत नाही.

नापास केली. 'वापरास मनाई' असा लाल स्टिकर सुकाणूसमोरच्या काचेवर लावला. मेडिकलवाल्यांनी विचारलं, ही बोट कोणाची आहे ते माहीत आहे ना? मी म्हटलं, नियम मालक बघत नाही. वाक्य जमून आलं. कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. इथे लिहिलंच.

ते काचेजवळ गेले. मग नखाने स्टिकर खरवडू लागले. निघेना. गोंद आमच्या कंपनीच्या दर्जाचा होता. मान लाल झाली त्यांची. या बोटीवर ते स्वतःच्या मुलासारखा जीव टाकतात, असं बाई मागून हळूच म्हणाल्या. माझ्यावर काही परिणाम झाला नाही. फळीसारखा कडक राहिलो.

२३ फेब्रुवारी
मेडिकलवाले खाडीच्या पलीकडच्या तीरावरच्या तुकडीत गेले. बोटीसकट. हे त्यांनी संवादमार्गाने कळवायला हवं होतं. संवादमार्गातली मधली पायरी तेच असल्यामुळे अडचण झाली असावी.

बोटीवाचून फेरी अडत नाही, हे मी आज सिद्ध केलं. खोलीतले बाक समोरासमोर लावले, दोघांना पुढे बसवलं, दोघांना मागे, आणि सुकाणूवर स्वतः बसलो. लाइफ जॅकेट सक्तीची. बुडणाऱ्याचं काम मेहुण्याकडे दिलं. तो जमिनीवर आडवा झाला आणि शेवटपर्यंत उठला नाही. दारातून दोन कोळी बघत उभे होते. आपल्या कामाबद्दल लोकांत कुतूहल आहे.

पहिल्यांदाच मी फेरीवर गेलो. पोटात अजिबात ढवळलं नाही.

९ मार्च
गळती किरकोळ आहे. एकाच्या आईला बरं नाही. एकाला रविवारी दुकान उघडावं लागतं. डेंटिस्ट म्हणाले, मुलीची परीक्षा आहे. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन तिला मूल आहे, पण परीक्षा कोणालाही असू शकते.

मेहुण्याने राजीनामा दिला. माझ्याकडे नाही, बहिणीकडे. तिने तो मला जेवताना वाढला. म्हणाली, अहो, ती माणसं आठवडाभर दुकानात नाहीतर शाळेत पिचतात. रविवारी जरा वारा खायला, चार शब्द बोलायला येतात. तुम्ही तेवढंच काढून घेतलंत. तिला प्रशासन कळत नाही. वरण घेतलं. चव लागली नाही. मीठ कमी आहे का विचारलं. नाही म्हणाली.

सभासद मोजले. मेडिकलवाले, मेहुणा आणि डेंटिस्ट वजा केले, बाकीच्यांची रजा धरली. नऊ भरतात. रेडिओ अधिकाऱ्याचा प्रभारी कार्यभार माझ्याकडे आला असल्याने तो वेगळा धरला. दहा. तुकडी वाचली.

३० मार्च
आज फक्त भूगोलाच्या बाई आल्या. दोघांत बाकांची बोट होत नाही.

बाई बसल्या. म्हणाल्या, सर, मेडिकलवाल्यांना एक फोन करा. चुकलं म्हणा, एवढंच. ते येतील, ते आले की सगळे येतील. मी म्हटलं, प्रमुख चुकत नाही, प्रमुख सुधारित आदेश काढतो. मग काढा, म्हणाल्या. विचाराधीन आहे, म्हटलं.

त्या उठल्या. कपाटातून स्वतःचा चहाचा कप काढला, ओढणीने पुसला, पर्समध्ये ठेवला. कप तुकडीच्या मालमत्तेत नव्हता, त्यामुळे हरकत घेता आली नाही. जाताना म्हणाल्या, काळजी घ्या हं सर. शाळेत नापास मुलांशी त्या याच आवाजात बोलत असणार.

नंतर फोन हातात घेतला होता. मेडिकलवाल्यांचा नंबर काढला. मग म्हटलं, सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी असेल. उद्या बघू.

६ एप्रिल
उद्या बघू.

१३ एप्रिल
खोलीत एकटाच होतो. वारा सुटला होता. रेडिओ चालू. प्रभारी रेडिओ अधिकारी म्हणून तो मीच ऐकत होतो.

दुपारी एक माणूस बोलायला लागला. घाबरलेला. इंजिन बंद पडलंय, बोट खडकांकडे सरकतेय, बरोबर म्हातारी आई आहे, कोणी आहे का? मी बटण दाबलं आणि शांतपणे सांगितलं की आपण तुकडीप्रमुखांशी बोलत आहात. निरोप थेट प्रमुखाला देता येत नाही. आधी रेडिओ अधिकारी, मग नौका अधिकारी. नौका अधिकाऱ्याचं पद तूर्त रिक्त आहे. तरी आपण नाव, बोटीची लांबी आणि रंग, या क्रमाने सांगावं. क्रम बदलू नये. मी पूर्ण पद्धत समजावून दिली. आवाज कुठेही चढला नाही.

श्वास घ्यायला बटण सोडलं तेव्हा मेडिकलवाल्यांचा आवाज आला. सर, आता बटण दाबू नका. तुम्ही बटण दाबून ठेवता तोवर त्याचा आवाज कोणालाच येत नाही. मला ऐकू द्या, तो कुठे आहे ते. एवढंच. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

बटणावरचा अंगठा काढला. मग नुसतं ऐकलं. तो माणूस रडत रडत सांगत होता. आई ओरडत होती. मेडिकलवाले म्हणत होते, आजींना खाली बसवा, नांगर आहे का, टाका. मधेच बाईंचा आवाज आला. मग डेंटिस्टांचा. मग माझ्या मेहुण्याचा, मोठ्याने. सगळे त्या बोटीत होते. आमची अख्खी तुकडी तिकडे होती.

ओढून आणलं त्यांनी. खडकांपासून थोडक्यात वाचले, असं मेहुणा सांगत होता, दुसऱ्या कोणाला तरी.

संवादमार्ग शेवटपर्यंत पाळला गेला, हे नोंदवून ठेवतो. लिहिताना पेन दोनदा खाली पडलं. वय झालं.

२० एप्रिल
विभागीय अधिकारी येऊन गेले. वयाने लहान, बोलायला गोड. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनीच तो रेडिओ ऐकला होता, असं म्हणाले. तुकडी बंद. सामान पलीकडच्या तुकडीला. मी दहा सभासदांचा हिशोब दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, यातले दोघे तुम्हीच का? म्हटलं, प्रभारी.

मार्गदर्शिका वाचली होती का, असंही विचारलं. दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून ती काढली, धूळ झटकली, पिशवीत टाकली. दार आपटलं. आम्ही दोघेही दचकलो.

चूक झाली, असं म्हणायचं असेल तर ते कुठे म्हणायचं असतं, असं मी विचारणार होतो. पण ते गाडीत बसले होते.

बायकोने काही विचारलं नाही. मी बसलो होतो तिथलं झाडलंही नाही. तेव्हा जरा भीती वाटली.

२७ एप्रिल
किल्ली द्यायला धक्क्यावर गेलो. रखवालदार जागेवर नव्हता. पायरीवर बसलो.

थोड्या वेळाने पलीकडची बोट आली, आमचं सामान न्यायला. मेडिकलवाल्यांनी मला पाहिलं. मान हलवली. मीही हलवली. बोटीच्या टोकाला एक नवीन बाई उभी होती. इस्पितळात नर्स आहे, असं नंतर कळलं. मला ओळखत नव्हती. काका, दोर पकडा, असं ओरडली आणि दोर फेकला.

पकडला. पहिल्याच झटक्यात. दोर ओला आणि जड होता. बोट ओढ घेत होती. तो खुंटाला कसा बांधतात ते मला येत नाही. येत नाही हे सांगायला तोंड उघडेना. म्हणून धरून उभा राहिलो.

सगळे उतरले. लाइफ जॅकेट, बाक, रेडिओ, एकेक करून माझ्या बाजूने नेत राहिले. डेंटिस्टांनी दाढ कशी आहे विचारलं. मेहुणा भावजी म्हणाला. सर कोणी म्हणालं नाही. भूगोलाच्या बाई थांबल्या, माझ्या हातांकडे पाहिलं, बांधून टाकू का म्हणाल्या. नको म्हटलं, धरतो. बरं, म्हणाल्या.

तळहात सोलून निघाले. मेडिकलवाल्यांजवळ गेलो असतो, पण दोर सोडता येत नव्हता. ते काचेवरून फडकं फिरवत होते. स्टिकरचा लाल कोपरा अजून तसाच आहे. तिथूनच म्हटलं, चुकलं. इंजिन चालू होतं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

सामान भरून झालं. सगळे चढले. दोर सोडा काका, असं त्या नर्सबाईने सांगितलं. ऐकू आलं होतं मला. तरी थोडा वेळ धरून ठेवला. मग सोडला.