न वाचता दाबलेले बटण

अण्णा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षे होऊन गेली आणि तुमच्यामागे आपल्या धंद्याचे काय झाले, हे तुम्हाला कोणीही कळवलेले नाही. रेडिओ आता दुरुस्तीला येत नाहीत. लाकडी पेटीचे टीव्हीही गेले. भोरमध्ये एसटी स्थानकामागच्या बोळात माझे स्वतःचे दुकान आहे, आणि तेथे जे काम येते ते बहुतांशी टीव्हीला जोडलेल्या संगणकाचे असते. लोक त्याला नुसतेच ‘डबा’ म्हणतात, कारण जेवणाच्या डब्याएवढीच ती वस्तू असते. ती टीव्हीच्या मागे चिकटवायची, तारेने जोडायची, की सिनेमे, गाणी, लग्नाची छायाचित्रे, सगळे त्यातूनच पडद्यावर येते. घराची सारी करमणूक त्यात आणि घराची सारी चिडचिडही त्यातच. एका घरात चार रिमोट असतात आणि कोणता कशाचा हे फक्त शाळेत गेलेल्या नातवाला ठाऊक असते. सामना रंगात आला की यंत्राला स्वतःची सुधारणा करून घ्यावीशी वाटते आणि पडद्यावर एक चक्र फिरत राहते. कंपनीला फोन लावला तर मराठीसाठी अमुक आकडा दाबा म्हणतात, तो दाबला की हिंदीतून बोलतात. पुण्यातला मुलगा फोनवरून एकच उपाय सांगतो, ‘बंद करून परत चालू करा.’

तुमचे शिकवणे येथेही उपयोगी पडते, हे सांगितले तर तुम्ही हसाल. मागे कापूरहोळच्या एका ढाबेवाल्याचा टीव्ही सकाळपासून मुका झाला होता. तिघांनी तो उघडून पाहिला होता. मी गेलो, खुर्ची मागितली आणि स्वस्थ बसलो. ‘आधी ऐक, मग उघड,’ हे तुमचे वाक्य मी अजून मोडलेले नाही. ढाबेवाला वैतागला. म्हणाला, ‘‘मिस्त्री, तुमी दुरुस्तीला आलाय का जेवायला?’’ मी त्याला गप्प राहण्यास सांगितले, आणि गल्ल्याच्या खणातून बारीक गाणे ऐकू आले. त्याच्या मुलाची बिनतारी कानातली बोंडे त्या खणात पडली होती आणि संगणक सगळा आवाज इमानेइतबारे तिकडे पाठवत होता. एकही स्क्रू काढावा लागला नाही. अशा वेळी मला तुमच्या दुकानातले ते लाकडी बाक आठवते, ज्यावर तुम्ही रेडिओला कान लावून, डोळे मिटून बसत असा.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा बावीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस होतो. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवर आमची शेळ्यामेंढ्यांची खांडे होती आणि ती सोडून मला तारा जोडण्याचा नाद लागला होता. तुमच्या घरात मी बोलायला शिकलो, बसायला शिकलो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ट्रान्झिस्टरवरचा क्रमांक वाचायला सांगितलात. मी तो उजेडाकडे धरून फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी बाकावर एक चाररेघी वही आणि टोक केलेली पेन्सिल होती. तुम्ही म्हणालात, ‘‘जे कळत नाही ते आधी जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. अक्षरन् अक्षर. उतरवलेले नंतर कोणालाही विचारता येते.’’ त्या वहीत मी इंग्रजी अक्षरे काढायला शिकलो. अर्थ मात्र आला नाही, अण्णा. अक्षरे ओळखणे आणि वाचणे यांतले अंतर मला पार करता आले नाही. पुढे पडद्यावर इंग्रजी मजकूर येऊ लागले तेव्हा मी हीच रीत चालू ठेवली. मजकूर वहीत उतरवायचा, चष्मा विसरलो असे सांगून माझ्या दुकानाशेजारच्या औषधांच्या दुकानदाराकडून वाचून घ्यायचा आणि मगच बटणाला हात लावायचा. बारा वर्षांत या रीतीने माझ्या हातून एकही संगणक बिघडला नव्हता.

या वर्षी आंबवड्याहून बोलावणे आले. एसटीचे चालक म्हणून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे एक गृहस्थ. दारातच म्हणाले, ‘‘मिस्त्री, ह्यो डबा सकाळी चालू करावा तर दुपारी चित्र दावतोय. माझी जुनी गाडी बी घाटात याच्यापरीस लवकर चढायची.’’ मी बसलो, पाहिले. यंत्र खरोखरच रेंगाळत होते. मग त्यांनी मला त्यातली एक जागा उघडून दाखवली. गावच्या भजनी मंडळाची भजने त्यांनी वर्षानुवर्षे कॅसेटवर भरली होती आणि मुलाने ती सगळी संगणकात घातली होती. ‘‘सिनेमे गेले तर जाऊ द्या,’’ ते म्हणाले, ‘‘ही तेवढी जपा. ह्यातली निम्मी माणसं आता न्हाईत.’’ एवढे सांगून ते म्हशीकडे गोठ्यात गेले.

त्यांच्या सूनबाई माझ्या मागे उभ्या होत्या. शिकलेल्या, नम्र. मी दोन-चार ठिकाणी हात फिरवला आणि पडद्यावर चार ओळींचा इंग्रजी मजकूर आला, खाली दोन बटणे. सूनबाई म्हणाल्या, ‘‘काका, वाचून दाखवू का?’’ वही माझ्या पिशवीत होती. परंतु त्या मुलीच्या देखत पांढऱ्या केसांच्या माणसाने चाररेघी वही काढावी आणि बिगरीतल्या पोरासारखे एकेक अक्षर गिरवावे, हे मला सोसवेना. मी म्हणालो, ‘‘नको. हे नेहमीचेच असते.’’ आणि उजवीकडचे बटण दाबले.

अर्ध्या तासाने यंत्र कोऱ्या पाटीसारखे होऊन उठले. झटकन चालू झाले, झटकन चित्र आले. गृहस्थ गोठ्यातून आले आणि हरखले. ‘‘बघा, आता कसा पळतोय! मिस्त्री, तुमचा हात लागला की झालंच.’’ ते सामना लावून बसले. भजनांची जागा मी केव्हाच उघडून पाहिली होती. तेथे काहीही नव्हते. सूनबाईंनी चहा दिला, तो मी घेतला. अण्णा, मी काही न बोलता पिशवी उचलली आणि निघालो.

परतीच्या एसटीत मला तुमच्या घरातले काकूंचे स्वयंपाकघर दिसत राहिले. तुम्ही पाटावर बसला आहात, काकू भाकरी थापत आहेत आणि मी उंबऱ्याशी उभा आहे. वरव्याच्या एका शेतकऱ्याच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर मी उलटा जोडून जाळला आहे आणि त्याला सांगितले आहे की वीज कमीजास्त झाल्याने तो आतूनच जळाला. तुम्ही घास खाली ठेवता. आवाज चढवत नाही. ‘‘जळाला याचे मला काही नाही. माझ्याही हातून जळाले आहेत. पण तू मुक्या वस्तूवर आळ घेतलास. तिला तोंड नाही, म्हणून घेतलास.’’ काकू म्हणतात, ‘‘अहो, त्याला जेवू तरी द्या.’’ तुम्ही म्हणता, ‘‘जेवेल. आधी मी जाऊन येतो.’’ आणि अर्धे जेवण टाकून, सायकल काढून तुम्ही वरव्याला गेलात. त्या शेतकऱ्याला तुम्ही सांगितलेत, ‘चूक माझ्या दुकानात झाली.’ माझे नाव घेतले नाहीत. त्या दिवसानंतर तुम्ही हा विषय कधी काढला नाहीत, आणि मी तुमचे आभार मानले नाहीत. मला वाटले होते, तुम्ही माझा अपमान केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी आंबवड्याला गेलो. खरे सांगायचे तर वाटेत दोन-तीन सबबी तयार करून ठेवल्या होत्या. या यंत्रांविषयी कोणतीही सबब खपते. परंतु मला त्यांची गरजच पडली नाही. गृहस्थ ओट्यावरच बसले होते. मला पाहून उठले. ‘‘मिस्त्री, बरं झालं आलात. भजनं गायब! त्या अपडेटनं गिळली बघा समदी. पोरगा म्हणतोय, हे असंच असतंय, कुणाचा विलाज न्हाई.’’ त्यांनी सबब माझ्या ओंजळीत ठेवली होती. मान हलवली असती तरी पुरे होते.

मी म्हणालो, ‘‘यंत्राची चूक नाही. पडद्यावर प्रश्न आला होता, सगळे पुसू का, असाच असणार. मी तो न वाचता बटण दाबले. मला इंग्रजी वाचता येत नाही.’’

सूनबाई दारात होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गृहस्थ परत ओट्यावर बसले.

‘‘वाचता येत न्हाई, तर इचारायचं. सून हितंच हुबी व्हती.’’

‘‘होय.’’

‘‘ती म्हणाली बी, वाचून दाखवते.’’

‘‘म्हणाल्या होत्या.’’

‘‘म्या तीस वर्सं गाडी चालवली. पाटी न वाचता घाटात गाडी घातली असती तर?’’

‘‘माणसे मेली असती.’’

‘‘मंग?’’

मी उभाच होतो. शेवटी सूनबाई म्हणाल्या, ‘‘मामंजी, कॅसेटी आहेत की माळ्यावर.’’ ते फणकारले, ‘‘आहेत! ओलीनं बुरशी धरलीया. कोण वाजवणार त्या आता?’’ तेव्हा मी म्हणालो, ‘‘ते मला येते.’’

आता दर गुरुवारी मी आंबवड्याला जातो. कॅसेट उघडतो, फीत स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, तुटली असेल तेथे जोडतो आणि माझ्या जुन्या टेपवर लावतो. सूनबाई ती संगणकात भरून घेतात. पडद्यावर मजकूर आला की त्या थांबतात. मी वही काढून तो उतरवतो, त्या अर्थ सांगतात, मी तो खाली मराठीत लिहितो. त्यांना यात हसण्यासारखे काही वाटत नाही. परवा म्हणाल्या, ‘‘काका, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलंय.’’ एकोणीस कॅसेटींपैकी चौदा गाऊ लागल्या आहेत. चार अजून बाकी आहेत. एकीची फीत मात्र हातात येताच भुकटी होऊन गेली. तिच्यात गृहस्थांच्या मित्राचा पखवाज होता आणि तो दुसरीकडे कोठेही नाही. दर गुरुवारी एकदा तरी ते म्हणतात, ‘‘त्याचा हात ऐकाया पायजे व्हता, मिस्त्री.’’ मी ऐकून घेतो. मग ते स्वतःच विचारतात, ‘‘जेवून जाणार नव्हं?’’

मी फार मानी आहे असे माझ्या घरचे म्हणतात, आणि ते खरे आहे. इतकी वर्षे मी समजत होतो की तुम्ही मला हुन्नर दिलात. हुन्नर दिलातच; त्यावर मी घर बांधले, दोन मुली शिकवल्या. परंतु त्या ओट्यावर उभा असताना ‘यंत्राची चूक नाही’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले, ते माझे नव्हते. ते अर्धे जेवण टाकून सायकलवर निघालेल्या माणसाचे होते. आभार मानायला मला पन्नास वर्षे लागली, याबद्दल क्षमा असावी.

हे पत्र कोणाला दाखवायचे नाही. लिहून झाले की फाडून टाकणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. मी पहिल्यांदा दुकानात आलो तेव्हा तुम्ही विचारलेत, ‘‘शाळा किती?’’ आणि मी ताठ उभा राहून सांगितले, ‘‘सातवी पास.’’

चौथी, अण्णा. तीही आमच्या वाडीवरची.