बोराटीचा आडोसा

बोरदरी, ता. कन्नड
१४ ऑक्टोबर २००८

चि. बद्रीनाथास,

आक्काचा आशीर्वाद. इकडं समदे खुशाल. तुझा गुडघा कसाय? उस्मानपुऱ्यातल्या त्या घराचे जिने जपून चढत जा.

तुझा कागद पोचला. डोंगरावरची निकामी झुडपं काढून सागाची रोपं लावायची, गावच्या वनसमितीची अध्यक्ष म्हणून मी नुसती सही करायची. वर दम, की सही नाय तर भाऊबीजेला येणार नाय. आरं वा रे पठ्ठ्या! लागवडीचं कंत्राट घेणारा गुत्तेदार झालास म्हणून बहिणीला दटावतो व्हय?

निकामी? बारा वर्षं कुऱ्हाडबंदी पाळली गावानं. औंदा गयासभाईची लेक बिल्किस अन् मी फिरून मोजलं, एकशे चौदा जातीची झाडं-वेली भरली. धावडा, मोई, मेडशिंग. सासूबाईंच्या तोंडून नुसती नावं ऐकलेली झाडं आता हातानं धरता येतात.

आता जे लिहायला हात अडतोय ते लिहिते. तुझ्यासारखंच मीबी एकदा केलं. सहा वर्षांमागं मलाबी डोंगर देखणा पायजे होता. बोराटीला कसली कुऱ्हाडबंदी, म्हणून खालच्या उतारावरची बोराटीची काटेरी झुडपं बायका लावून साफ केली. त्या काट्यांतच सालईची रोपं जपली जात होती, हे ध्यानातच आलं नाय. आडोसा गेला अन् सशांनी शेंडे खाल्ले.

भर सभेत मी काय म्हणले? गयासभाईच्या बकऱ्यांनी खाल्ले! खाली सशांच्या लेंड्या पडल्या होत्या, मी वळखल्या होत्या. तरी बोलले. गावानं त्याच्या बकऱ्यांना डोंगराची वाट बंद केली. त्या विकून तो वैजापूरच्या मोंढ्यात हमाली करायला गेला. लाज वाटती रे, लई वाटती.

मागल्या महिन्यात सभेत उभी राहून खरं सांगितलं. कुणी हसलं, कुणी उठून गेलं. गयासभाई आला होता. एवढंच म्हणला, "आपा, लई उशीर केला." आता तो गावातच हाय, राखणीला माझ्याबरोबर असतो.

म्हणून सही करणार नाय. मला पदावरून काढा, खुशाल काढा. मशीन आणशील तर बोराटीत आधी मी बसलेली दिसंन.

भाऊबीजेचं ताट मी लावणारच. आलास तर आधी तुला ओवाळीन. नाय आलास तर पाटावर गयासभाई बसंल. त्याला विचारून ठेवलंय.

डोंगराची, अन् तुझीबी,
द्वारकाआक्का