पुडीवरची अक्षरं

पांढरकवडा, ६ मार्च १९६२

संताप जात नाही. तांड्यावरच्या लखूला आज बेशुद्ध अवस्थेत बैलबंडीतून दवाखान्यात आणलं. त्याची बायको म्हणाली, "मिरगीची गोळी कडू लागे जी, म्हून मोहाच्या दारूसंग देल्ली. वैद्याचं चूर्ण तसंच देतो आमी." त्या गोळीवर दारू म्हणजे श्वासच थांबायचा! कसाबसा वाचला.

डॉक्टर तिच्यावरच खेकसले, "पुडीवर 'पाण्यासोबत' लिहिलेलं दिसलं नाही?" तिनं पदराच्या गाठीतून पुडी काढली आणि उलटी धरून बघत राहिली. तिला हे तोंडानं कुणी सांगितलं होतं? आणि मी, कंपाउंडर, तिथंच उभा!

पुडीवरची ती सुबक अक्षरं माझीच. गोळ्या देताना रजिस्टरवर तिचा अंगठा घेतला, तोही मीच.