गोलपुढची माती

प्रिय धाकट्या,

तीन आठवडे झाले, तू कपड्यांची पिशवी लाँड्रीच्या दारात टेकवतोस आणि मी काउंटरमागून बाहेर येईपर्यंत पसार होतोस. फोन केला की म्हणतोस सराव चालू आहे. सकाळी सराव, दुपारी सराव. एवढा सराव खरंच होत असता तर सात सामन्यांत एक तरी गोल झाला नसता का? रागावू नकोस. तुझी थट्टा करायची सवय तुझ्या बारशापासूनची आहे, आता छप्पन्नाव्या वर्षी कुठे सुटणार? तर बोलणं तू होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, मोठ्या मशीनमध्ये हॉटेलच्या चादरी फिरतायत आणि मी इस्त्रीच्या टेबलावर वही उघडून बसले आहे. हे पत्र धुतलेल्या जर्सींच्या वरच ठेवीन, म्हणजे ते हातात घेतल्याशिवाय तुला खालचं काही काढताच येणार नाही.

येत्या रविवारी शेवटचा सामना. जिंकलो तर या गटात राहू, नाहीतर खालच्या गटात जाऊ, आणि मग क्लबची मंडळी प्रशिक्षकाकडे बोट दाखवणार हे सांगायला ज्योतिषी नको. गॅलरीत तर आत्ताच ज्याला त्याला उपाय सुचतोय. माझ्या शेजारी बसणारे चष्मेवाले म्हणतात, उंच फॉरवर्ड आणा. त्यांच्या मागे बसणारी शिक्षिका म्हणते, उंच नको, चपळ आणा. हौदात साबण घालावा तसे सगळे सल्ले घालतायत, कोणी थांबायलाच तयार नाही. मी ऐकते. ज्याची त्याची हौस. पण धाकट्या, माझ्याकडे त्यांच्याकडे नाही असं काहीतरी आहे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा जर्सी माझ्या टेबलावर असतात.

तुला हे कधी सांगितलं नाही, कारण हसशील असं वाटायचं. बत्तीस वर्षं कपडे धुतल्यावर डाग वाचता येतात गं बाई, असं मी स्वतःलाच म्हणते. मैदानाच्या मधल्या भागात गवत आहे, तिथे पडलं की हिरवा डाग. कडेच्या रेषेवर चुन्याची फक्की, ती बाहीला आणि मोज्यांना लागते, कोरडी असतानाच झटकावी लागते. आणि दोन्ही गोलांच्या पुढे गवत कधीच टिकत नाही, तिथे तांबडी माती. ती ओली असताना धुवायला घेतली तर कापडात बसते, आधी वाळू द्यायची, मग ब्रश मारायचा, मगच पाणी. त्यामुळे तांबड्या मातीचे कपडे मी नेहमी वेगळे काढते. गेले सात सामने मी तो ढीग वेगळा काढते आहे आणि दर वेळी त्यात आपले बचाव करणारे चौघे असतात, गोलकीपर असतो, आणि पुढे खेळणाऱ्यांपैकी एकही नसतो. एकही नाही! गेल्या रविवारी तेवढा एक होता, त्याचं पुढे सांगते. समोरच्यांच्या गोलपुढची माती आपल्या फॉरवर्डांच्या कपड्यांना लागतच नाही. आयुष्यभर मळक्या कपड्यांना नावं ठेवणारी मी, आता स्वच्छ जर्सी हातात घेऊन कपाळाला हात लावते.

आपला नऊ नंबर, तो बेकरीवाला, त्याची जर्सी पुढून घडी न मोडल्यासारखी असते. मागे खांद्याजवळची शिवण मात्र दर वेळी उसवलेली. म्हणजे बिचारा गोलाकडे पाठ करून उभा राहतो आणि मागचा माणूस त्याला धरून ठेवतो. नव्वद मिनिटं तो भट्टीपुढे उभा राहिल्यासारखा एकाच जागी. सात नंबर टपाल वाटतो, दिवसभर रस्त्याच्या कडेने चालतो, आणि मैदानातही कड सोडत नाही. त्याच्या उजव्या मोज्यावरची फक्की काढताना मला शिंका येतात. आत वळला असता तर थोडा तरी हिरवा झाला असता. मी चार ओळींत लिहिलं, पण हे कळायला मला सात आठवडे लागले. नऊ नंबरला गोलापासून लांब, मागे यायला सांग. त्याला धरणारा त्याच्यामागे येईल, शिवणच सांगते की तो त्याला सोडत नाही. मग तिथे जागा होईल, आणि सात नंबरने रेषा सोडून त्या जागेत शिरायचं. चष्मेवाल्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ताई, तुम्ही लाँड्रीवाल्या की जासूस?

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. गेल्या रविवारी आपण तीन गोलांनी मागे होतो, लोक उठून निघाले होते, आणि शेवटची दहा मिनिटं उरली असताना तू चौदा नंबरला उतरवलंस. तो काचा बसवणारा, ज्याला सगळे काटकी म्हणतात. चष्मेवाल्यांनी थर्मास बंद केला होता. बॉल उजवीकडे सात नंबरकडे होता आणि सगळं मैदान तिकडे बघत होतं. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बॉल बघायचा नाही असं ठरवून बसले होते, फक्त काटकीला बघायचं. आणि तो बॉलपासून लांब पळाला रे! सरळ गोलाच्या जवळच्या खांबाकडे, मान खाली घालून, जणू त्याला कोणीतरी हाक मारली आहे. त्याच्यामागे एक गेला, मग दुसरा गेला, गोलकीपरही दोन पावलं तिकडे सरकला. आणि गोलाच्या बरोब्बर समोर, जिथे क्षणापूर्वी माणसांची दाटी होती, तिथे कोणीच उरलं नाही. एवढी मोठी मोकळी जागा! त्या लालसर मातीवर ऊन पडलेलं मला स्पष्ट दिसलं. मी उभी राहिले. एका माणसाने बॉलला पायही न लावता, नुसता पळून, ती जागा तयार केली होती. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं काहीतरी मला त्या गॅलरीत झालं. तीस वर्षं मी फुटबॉल बघते आणि फुटबॉल म्हणजे काय हे मला त्या तीन सेकंदांत दिसलं.

त्या जागेत कोणी आलं नाही. सात नंबरने बॉल मागे दिला आणि ते सगळं मिटलं. कोणालाच काही कळलं नाही, शिक्षिका तर म्हणाली की तो चौदा नंबर भलतीकडेच पळतोय. मी खाली बसले आणि रेषेवर उभ्या असलेल्या तुझ्याकडे पाहिलं. तू दोन्ही हात हलवून काटकीला मागे ये, मागे ये म्हणत होतास. सामना संपल्यावर तो बाहेर आला, गुडघ्यापर्यंत तांबडा झालेला, आणि तू त्याच्या तोंडाकडे नाही, आधी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलंस. वाकून, हात लावून पाहिलंस. तेव्हा तू काय शोधतोयस ते मला कळलं.

कारण ती धाव मी आधी एकदा पाहिली होती. तू एकोणीस वर्षांचा होतास. तसाच जवळच्या खांबाकडे पळाला होतास, तुझ्यामागे दोघे आले, गोलकीपर आला, बॉल तुझ्या मागून मोकळ्या जागेत गेला आणि तुझ्या मित्राने नुसता पाय लावून गोल केला. सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तू मातीत पडून होतास, गोलकीपर तुझ्या गुडघ्यावर आदळला होता. मी कठड्यावरून उडी मारून आत धावले, चप्पल कुठे राहिली ते कळलं नाही. तू दात आवळून हसत होतास. मला म्हणालास, ताई, पाहिलंस का, कशी जागा झाली! मला तुझी माती दिसत होती, तुझा पाय दिसत होता, जागाबिगा काही दिसली नव्हती. दवाखान्याच्या गाडीत मी तुझ्यावर खेकसले. बॉल तुझ्याकडे नव्हताच, मग तिकडे तडमडायला गेलासच कशाला? तुझं हसू तिथेच मावळलं. त्यानंतर दोन ऑपरेशनं झाली, खेळणं सुटलं, आणि मी ते वाक्य किती वर्षं म्हणत राहिले! जेवताना, पाहुण्यांसमोर, तू लंगडत जिना चढताना. तिकडे जायची गरज काय होती? मायेनेच म्हणायचे, पण म्हणायचे.

आता मला वाटतं, गेले सात सामने तू जे करतो आहेस ते माझंच ऐकणं आहे. बेकरीवाल्याला भट्टीपुढे उभं केलंस, टपालवाल्याला कडेला ठेवलंस, आणि ज्याला ती धाव कळते त्या काटकीला ऐंशी मिनिटं शेजारी बसवून ठेवतोस, कारण तो मैदानात उतरला की तिकडेच जाणार. ती धाव त्याला शिकवली कोणी? तूच ना? मग शिकवतोस एक आणि हाताने थांबवतोस दुसरं. तुझी पोरं सुखरूप घरी जातात, कपडेसुद्धा न मळवता जातात, आणि दर रविवारी हरतात. काटकीचा गुडघा मोडणार नाही असं मी तुला सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. पण त्या दिवशी मातीत पडून तू मला जे दाखवत होतास ते मला आत्ता दिसलं, पंचवीस वर्षांनी, आणि ते एवढं सुंदर होतं की मी त्याला तडमडणं म्हटलं याची मला लाज वाटते. चुकले मी, धाकट्या. गरज होती. रविवारी काटकीला पहिल्या मिनिटापासून उतरव, आणि तुला भीती वाटली तर हात खिशात घालून उभा राहा.

आता पत्र का लिहिलं ते. सोमवारी पिशवीत जर्सींबरोबर तुझं विंडचीटरही आलं. आतल्या खिशात घडी केलेला कागद होता. खिशात सापडलेलं वाचायचं नाही, पाकिटात घालून परत द्यायचं, हा आईने घालून दिलेला नियम मी कधी मोडला नव्हता. या वेळी तुझं अक्षर दिसलं आणि मोडला. क्लबच्या सचिवांना लिहिलेला राजीनामा, तारीख पुढच्या सोमवारची, म्हणजे जिंकलो तरी आणि हरलो तरी. वैयक्तिक कारणामुळे, असं लिहिलंयस. मी तो पुन्हा घडी करून त्याच खिशात ठेवला, चेन लावली, आणि विंडचीटर गरम पाण्यात दोनदा धुतलं. जाणूनबुजून. अस्तराला चिकटलेला लगदा चिमट्याने काढायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी बरीच रडले. तू तो परत लिहू शकतोस, मला कळतं. लिहायचाच असेल तर सोमवारी इथे ये. इस्त्रीच्या टेबलावर जागा करून देते, पेन देते, माझ्यासमोर बसून लिही. मी एक शब्द बोलणार नाही.

तुझीच,
अजूनही तुझा कान धरण्याची हिंमत असलेली
ताई